एक ड्वार्फ, दोन काय?

भाची सातवीत आहे. सुट्टीत माझ्याकडे आली की तिचा अर्धा दिवस लॅपटॉपवरच्या एका फँटसी गेममध्ये जातो. परवा तिने मला हाक मारली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. मोहिमेच्या वर्णनात, म्हणजे वरच्या ओळीत, 'ड्वार्व्ह्ज' लिहिलं होतं. खाली दुकानदाराच्या तोंडी त्याच बुटक्या, दाढीवाल्या खाणकामगारांसाठी 'ड्वार्फ्स'. "मामा, यातलं चूक कुठलं?"

"दोन्ही बरोबर," असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला प्रश्नच कळला नाही. तिची शंका रास्त होती, आणि माझं उत्तर आळशी. नीट उत्तर द्यायचं तर जरा लांबून यावं लागतं.

आपल्याच भुतांपासून सुरुवात करू. एक भूत, दोन भुतं. एक हडळ, दोन हडळी. एक मुंजा, दोन मुंजे. एक वेताळ, दोन वेताळ (गोष्टीत तो एकटाच असतो, पण समजा). चार जाती, चार तऱ्हा, आणि बोलताना कुणीही अडखळत नाही. मराठीत अनेकवचन करण्याआधी आपण नकळत दोन गोष्टी तपासतो: शब्दाचं लिंग कुठलं आणि शेवट कसा. 'आ'कारान्त पुल्लिंगी असेल तर घोडा-घोडे, मुंजा-मुंजे. 'अ'कारान्त नपुंसकलिंगी असेल तर घर-घरं, भूत-भुतं. बाकीचे पुल्लिंगी शब्द जागचे हलत नाहीत: राक्षस, खवीस, वेताळ.

इंग्रजीत लिंगाची भानगड नाही. शेवटी एस लावला की झालं. उच्चार स, झ किंवा इझ असा बदलतो, पण ते तोंड आपोआप सांभाळतं. याशिवाय जुन्या इंग्रजीतून उरलेले थोडे हट्टी शब्द आहेत: मॅन-मेन, फूट-फीट, ऑक्स-ऑक्सेन, शीप-शीप, वुल्फ-वुल्व्ह्ज. हे पाठ करावे लागतात. नवा शब्द भाषेत आला की त्याला मुकाट्याने एस मिळतो.

हे तपासून पाहण्याची एक झकास युक्ती जीन बर्को या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी काढली. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना एका पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं होतं. "हा वग. आता इथे आणखी एक आला. आता हे दोन...?" मुलं म्हणाली, "वग्ज". वग नावाचा प्राणी जगात नाही, हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला असणं शक्य नाही, तरी उत्तर तयार. म्हणजे मुलं शब्द नुसते घोकत नाहीत, नियम उचलतात. भाषाशास्त्राच्या वर्गात हा वग आजही सगळ्यांचा लाडका आहे.

त्याच चाचणीत आणखी एक बनावट शब्द होता, 'हीफ'. त्याकडे लोकांचं कमी लक्ष जातं, पण आपल्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. मुलं बहुतेक 'हीफ्स' म्हणाली. मोठ्या माणसांत मात्र फूट पडली. काही 'हीफ्स' म्हणाले, काही 'हीव्ह्ज'. कारण मोठ्यांच्या डोक्यात लीफ-लीव्ह्ज पक्कं बसलेलं. शब्द नवा, पण जुन्या अपवादासारखा दिसतो, मग नियम लावायचा की नात्यातला समजून अपवादाच्या पंगतीत बसवायचा? गेममधल्या प्राण्यांची सगळी गडबड एवढ्या एका प्रश्नातून निघते.

आता मूळ ड्वार्फकडे. एफचा व्ही का होतो, हे आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल, कारण आपण संधी शिकलेलो आहोत. वाक् + ईश = वागीश. जगत् + ईश = जगदीश. कठोर व्यंजन पुढच्या स्वराला भिडलं की मऊ होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असंच काहीसं चालायचं. 'वुल्फ'चं अनेकवचन 'वुल्फस', मधला फ पुढच्या स्वरामुळे मऊ होऊन 'वुल्वस'. पुढे तो स्वर झिजला, पण मऊ झालेला व्ह तसाच राहिला. एल्फ-एल्व्ह्जचंही तेच.

ड्वार्फ मात्र या घराण्यातला नाहीच. जुन्या इंग्रजीत तो शब्द 'ड्वेओर्ग' असा होता, शेवटी ग. हा ग हळूहळू घशातल्या घर्षणाचा आवाज झाला आणि फार नंतर त्याचा फ झाला. 'लाफ', 'इनफ' हे शब्द लिहिताना शेवटी जी-एच असतं आणि बोलताना फ, तो हाच प्रकार. फ तयार झाला तोवर मऊ होण्याचा काळ सरला होता. म्हणून शब्दकोशातलं अनेकवचन साधं सरळ 'ड्वार्फ्स'. खगोलशास्त्रज्ञ पांढऱ्या बटू ताऱ्यांबद्दल लिहिताना आजही 'ड्वार्फ्स'च लिहितात.

मग 'ड्वार्व्ह्ज' आलं कुठून? तुरळक आधीही सापडतं, पण ते रुळवलं इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्कीन यांनी. 1937 च्या सप्टेंबरात त्यांचं 'द हॉबिट' हे मुलांसाठीचं पुस्तक आलं आणि त्यात जागोजागी 'ड्वार्व्ह्ज'. गंमत अशी की त्याच वर्षी डिसेंबरात डिस्नेचा हिमगौरीचा चित्रपट आला आणि त्याच्या नावातच 'ड्वार्फ्स' आहे. एकाच वर्षात दोन्ही रूपं लोकांसमोर आली.

टॉल्कीन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, तरुणपणी ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात डब्ल्यू अक्षराच्या शब्दांवर त्यांनी काम केलं होतं. त्यांना बरोबर रूप माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? उलट ते आपलं खासगी वाईट व्याकरण आहे, अशी कबुली त्यांनी एका पत्रात देऊन ठेवली आहे. नंतर त्यांनी ते निभावूनही नेलं. 'हॉबिट'च्या सुरुवातीच्या टिपेत ते सांगतात की बरोबर अनेकवचन 'ड्वार्फ्स'च, पण या गोष्टीतल्या प्राचीन जमातीपुरतं मी दुसरं वापरतो. म्हणजे सर्कशीतले बुटके वेगळे आणि डोंगराखाली राज्य करणारे हे वेगळे, हा फरक त्यांनी एका अक्षरावर पेलला. पुढे 1954-55 च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात ते म्हणतात की हा शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिला असता तर आज अनेकवचन 'ड्वॅरोज' झालं असतं. ते रूप त्यांनी एका भुयारी नगरीच्या नावापुरतं वापरूनही घेतलं.

छापखान्याला हे काही पटलं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जुळाऱ्यांनी सगळे 'ड्वार्व्ह्ज' नीट 'सुधारून' दिले आणि टॉल्कीन यांना ते परत बिघडवून घ्यावे लागले. 1961 च्या मुलांसाठीच्या पफिन आवृत्तीत 'हॉबिट'ची पुन्हा तीच दुरुस्ती झाली. मुद्रितशोधकाशी भांडलेल्या कुठल्याही मराठी लेखकाला हे दुःख वेगळं सांगायला नको.

यानंतरचे गेम या दोन घराण्यांत वाटले गेले. 1974 चा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' टॉल्कीनच्या बाजूने, तिथे 'ड्वार्व्ह्ज'. वॉरक्राफ्टमध्येही तेच. ब्रिटिश 'वॉरहॅमर'ने मात्र पहिल्यापासून 'ड्वार्फ्स' धरलं. आता कल्पना करा की तुम्ही दोन्हीकडे खेळून मोठे झालेले लेखक आहात आणि नव्या गेमसाठी संवाद लिहिताय. शेजारच्या टेबलावर दुसरा लेखक, तो फक्त एकीकडे खेळलेला. शब्दांची घरची यादी कुणी केली नसेल, तर भाचीला स्क्रीनवर जे दिसलं तेच होणार.

ड्वार्फला निदान इतिहास तरी आहे. खरी मजा येते ती ज्यांना इतिहासच नाही अशांची.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये गॉब्लिनला एस लागतो, पण बैलमुखी 'टॉरेन' एक असो वा शंभर, टॉरेनच. 'स्कायरिम'मध्ये सरड्यासारख्या जमातीचं 'आर्गोनियन्स' होतं, मांजरासारखी 'खाजीत' मात्र खाजीतच राहते. 'झेल्डा' मालिकेच्या 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दगड खाणारे 'गोरॉन्स', पण पाण्यातले 'झोरा' आणि पंखवाले 'रिटो' बिनएसचे. एकाच गेममध्ये, एकाच नकाशावर.

हे अगदीच मनाला येईल तसं नाही. नीट पाहिलं तर इंग्रजीचा कान यात काम करतो. शेवट ओळखीचा असेल, 'इयन'सारखा, तर इंडियन-इंडियन्सच्या चालीवर एस येतो. शेवट परका वाटला तर शब्द तसाच ठेवायचा, जसं जॅपनीज किंवा चायनीज लोकांचं करतात. दुसरा धागा शिकाऱ्यांच्या बोलीचा. इंग्रज शिकारी 'दोन हत्ती मारले' सांगताना 'टू एलिफंट' म्हणायचा, एस न लावता. डिअर, शीप, फिश हेही असेच. ज्या प्राण्याकडे कळप म्हणून किंवा सावज म्हणून पाहायचं, त्याला संख्या चिकटवायची नाही. गेममध्ये तुम्ही ज्यांना मोजून मारता त्यांना हे रूप मिळालं तर नवल नाही. आणि तिसरं कारण जपानी. जपानीत नामाला आपल्यासारखं अनेकवचन होतच नाही. 'पोकेमॉन' 1996 मध्ये तिथे आला, दोन वर्षांनी अमेरिकेत गेला, आणि अधिकृत दंडक असा की एक पोकेमॉन, दीडशे पोकेमॉन, एक पिकाचू, दहा पिकाचू. मराठीत आपलं काही अडलं नाही. 'मी आज पाच पोकेमॉन पकडले' हे आपण राक्षस-राक्षसच्या चालीवर सहज म्हणून टाकलं.

माझ्या मते यातली सगळ्यात सुरस गोष्ट अरबी भुतांची आहे. अरबीत 'जिन्न' हा समूहवाचक शब्द, त्यातला एकटा तो 'जिन्नी'. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वाल्यांनी हे बरोबर उचललं: एक जिन्नी, अनेक जिन्न. इथवर शाबास. पण मग त्यांच्याकडे 'इफ्रीत' आला, आगीचा. जिन्नी-जिन्न जमलं, तेव्हा त्याच मापाने त्यांनी एक 'एफ्रीती', अनेक 'एफ्रीत' असं बेतलं. अरबीत 'इफ्रीत' हे मुळातच एकवचन आहे आणि अनेकवचन 'अफारीत'. म्हणजे एका खऱ्या नियमाच्या साच्यात दुसरा शब्द दाबून बसवला आणि कधीच नसलेलं एकवचन जन्माला घातलं. 1993 मध्ये आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने तर ती भानगडच नको म्हणून एकट्यालाही 'जिन्न' आणि एकट्यालाही 'एफ्रीत' केलं. योगायोगाने दुसऱ्याच्या बाबतीत ते अरबीच्या जवळ गेले. आपण मराठीत 'दिव्यातला राक्षस' म्हणून केव्हाच मोकळे झालो होतो.

आपला नागही या बाजारात आहे. रोमन लिपीमुळे त्याचा 'नागा' झाला, मग 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये 'नागाज' आणि वॉरक्राफ्टमध्ये कितीही असले तरी 'नागा'. 'स्कायरिम'मधल्या 'ड्रॉगर' नावाच्या प्रेतांचंही असंच. जुन्या नॉर्स भाषेत एक 'ड्रॉगर', अनेक 'ड्रॉगार'. एकवचनातला शेवटचा र हा विभक्तीचा प्रत्यय, संस्कृतच्या 'रामः'मधल्या विसर्गाचा दूरचा भाऊ. गेममध्ये एकालाही ड्रॉगर आणि थव्यालाही ड्रॉगर. 'दहा रामः' म्हणण्यासारखं आहे ते, पण नॉर्स माणूस उठून तक्रार करायला येणार नाही.

ग्रीकांकडून आलेले बिचारे तर मुळात एकेकटे. पेगॅसस हे एका घोड्याचं नाव, मिनोटॉर एकच, मेड्युसा एक बाई. गेमने त्यांच्या जाती केल्या आणि मग अनेकवचन शोधायची वेळ आली. आपल्याकडे कुणी 'पुढच्या गुहेत सात ऐरावत आणि तीन जटायू आहेत' असं लिहिलं तर जसं वाटेल, तसं ते आहे.

आता हे सगळं कॉम्प्युटरला कसं कळतं? गेममध्ये प्रत्येक वाक्य माणूस लिहीत नाही. 'तुला 3 अमुक दिसतात' असा साचा असतो आणि अमुकच्या जागी नाव भरलं जातं. 1987 पासून चालू असलेल्या 'नेटहॅक' या गेमचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, आणि त्यात अनेकवचन करण्यासाठी एक वेगळं फंक्शन आहे. ते एखाद्या चांगल्या व्याकरणाच्या पुस्तकासारखं वाचायला घ्यावं. आधी जे शब्द बदलायचे नाहीत त्यांची यादी: शीप, निंजा, सामुराई, आणि टॉल्कीनचे नाझगूल, म्हणजे काळे घोडेस्वार. मग एकेकटे अपवाद: माउस-माइस, ऑक्स-ऑक्सेन, जिन्नी-जिन्न, आणि टॉल्कीनच्याच हत्तींसाठी मूमाक-मूमाकिल. त्यानंतर सर्वसाधारण नियम, त्यात एल किंवा आर नंतरच्या एफचा व्ही-ई-एस, म्हणजे इथे 'ड्वार्व्ह्ज'. त्या नियमाच्या कडेला एक अपवाद नोंदलेला आहे: 'सर्फ', म्हणजे वेठबिगार, याला हा नियम लावू नका, नाहीतर त्याचं 'सर्व्ह्ज' होईल. सर्व्ह्ज म्हणजे 'सेवा करतो'. कुणीतरी कधीतरी हे स्क्रीनवर पाहून कपाळावर हात मारलेला असणार.

मूमाकिल त्या यादीत आहे, कारण टॉल्कीन यांनी आधी भाषा रचल्या आणि मग प्राणी. त्यांच्या सिंडारिन भाषेत माणसाला 'अदान' आणि माणसांना 'एदाइन', आतला स्वर बदलून, मॅन-मेनसारखं. तिथे अनेकवचन खरोखर व्याकरणातून आलेलं असतं. बाकीच्यांकडे नुसतं नाव असतं, ज्याच्या मागे भाषाच नाही.

'ड्वार्फ फोर्ट्रेस'ने, 2006 सालच्या, कॉम्प्युटरला नियम शिकवायचा नादच सोडला. प्रत्येक प्राण्याच्या फाइलमध्ये एक ओळ, तिच्यात तीन शब्द मध्ये अपूर्णविराम (:) देऊन जोडलेले: ड्वार्फ, ड्वार्व्ह्ज, ड्वार्व्हन. एकवचन, अनेकवचन, विशेषण. गॉब्लिनचं तिसरं खण पुन्हा 'गॉब्लिन'च. ज्याने प्राणी बनवला त्यानेच तिन्ही सांगावं. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

अर्थात मराठीला तीन शब्द पुरले नसते. समजा कुणी मराठीत भुतांचा गेम केला आणि साचा ठेवला: 'संख्या, नाव, ने हल्ला केला'. स्क्रीनवर येईल '3 मुंजाने हल्ला केला'. हवं असतं '3 मुंज्यांनी'. एकटा असता तर 'मुंज्याने'. म्हणजे मुंजा, मुंजे, मुंज्या, मुंज्यां अशी चार रूपं आधीच लागली. पुढे कुणी मेलं की आणखी पंचाईत, कारण क्रियापदालाही लिंग आहे: मुंजे मेले, हडळी मेल्या, भुतं मेली. प्रोग्रामरला प्रत्येक भुताचं लिंग विचारून ठेवावं लागणार.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आपण करून बघू. मी तीन नावं जागच्या जागी बनवली. 'टुंबा' म्हटल्यावर तिने क्षणाचाही विचार न करता 'टुंबे' म्हटलं. 'झिरपी'चं 'झिरप्या'. तिसरं नाव 'मिरळ'. तिथे ती थांबली. मग 'मिरळी' म्हणाली, हडळीसारखं. मी म्हणालो, मला तर 'मिरळा' वाटतंय, वीट-विटाच्या चालीवर. मराठीत 'अ'कारान्त स्त्रीलिंगी शब्दाचं 'आ' होणार की 'ई', याला पक्का नियम नाही. विटा पण भिंती, जिभा पण म्हशी. दहा मिनिटं आमची जुंपली.

आई आत भाजी निवडत होती. तिने तिथूनच विचारलं, "पण ती मिरळ कशावरून? ते मिरळ असेल. लहान आहे ना ते?" आम्ही दोघांनीही त्या प्राण्याचा आकार ठरवलाच नव्हता.

"मग मिरळं," आई म्हणाली, आणि ताटली घेऊन ओट्याकडे गेली.